चालणाऱ्या काकूंचा विमा

काकूंच्या घरी मी खोली बघायला गेले, तेव्हा त्यांनी मला खोली दाखवलीच नाही. आधी माझ्या चपलांकडे पाहिलं.

"याच्यात चालता येते का तुले?"

"येतं की."

"मंग चाल."

आणि फाटक उघडून त्या निघाल्याही. मी एका विमा कंपनीच्या वर्ध्याच्या शाखेत नुकतीच बदलून आले होते. नवऱ्याची नोकरी अकोल्याला, त्यामुळे एकटीसाठी एक खोली हवी होती, एवढंच. पण वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेच्या नव्या लेआउटांमधून, विटांच्या थप्प्या आणि वाळूचे ढीग ओलांडत, मी त्या सत्तरी पार केलेल्या बाईच्या मागे जवळजवळ धावत होते. नवरा कुठं असतो, सासू कशी आहे, भांडण झालं तर आधी कोण बोलतं, हे सगळं त्यांनी मला वाटेत विचारून घेतलं. सगळीकडे प्लॉट पडले होते, पण एका कोपऱ्यात त्यांची भाजीची वाडी अजून हिरवी होती. तिथं पोचल्यावर त्यांनी वाकून सांबार खुडला. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. ती मूठ माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "खोली तुही. आवडली नाई तरी सांबार नेजो."

पुढं कधीतरी मी त्यांना या परीक्षेचं कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "बसून बोललं की माणूस तयारीनं बोलते. चालतानी खोटं बोलाले दम पुरत नाई."

काकू सगळीकडे चालत जायच्या. बाजाराला, बँकेत, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. हिंगणीला त्यांची लेक दिलेली होती. तिच्याकडे त्या पहाटे निघून जेवणाच्या वेळेला पोचायच्या आणि जावयानं "गाडीनं सोडून देतो" म्हटलं की त्याच्याकडे अशा बघायच्या, जणू त्यानं त्यांना उचलून न्यायची भाषा केली. कारंजा घाडगेला भाचीचं लग्न होतं, तेव्हा त्या काही दिवस आधीच निघाल्या, वाटेत नात्यातल्यांकडे मुक्काम करत. शेवटच्या टप्प्यात हायवेवरचे ट्रकवाले थांबून विचारत, "माताजी, बैठना है क्या?" काकू त्यांना ओंजळभर फुटाणे द्यायच्या आणि पुढं पाठवून द्यायच्या. मांडवात शिरल्या तेव्हा त्यांच्या लुगड्याला गुडघ्यापर्यंत धूळ होती. नवरीच्या आईनं तक्रार केली, तर म्हणाल्या, "तुह्या पोरीसाठी इतकं चालत कोण आलं सांग बरं?"

गाडीशी त्यांचं वैर होतं असं मात्र नाही. मुंबईला जायची वेळ आली तेव्हा त्या निमूटपणे रेल्वेत बसल्या. विमानाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "समुद्रावर पाय कुठी ठेवू? बसाच लागन." पाय पोचतात तिथं गाडी कशाला, एवढंच त्यांचं म्हणणं.

माणसांची नावंही त्या चालीवरून ठेवायच्या. मी जिन्यावरून उतरताना पायऱ्या गाळते, म्हणून मी 'झपाझपी'. माझ्या आधी त्या खोलीत एक स्पॅनिश मुलगी राहून गेली होती. सूतकताई शिकायला रोज सेवाग्रामला जायची. लांब टांगांची, मान पुढं काढून चालणारी, म्हणून ती 'उंटीण'. उंटीण आणि काकू रोज संध्याकाळी वाडीपर्यंत चालत. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला स्पॅनिश. मधे मोडकीतोडकी हिंदी. त्या हिंदीतच उंटिणीनं काकूंना सांगितलं, की आमच्या देशात एक जुनी पायवाट आहे. लोक महिना-महिना चालत सांतियागो नावाच्या गावी जातात, एका संताच्या समाधीपर्यंत. डोंगर आहेत, द्राक्षाचे मळे आहेत, रात्री झोपायला धर्मशाळा आहेत.

एवढं पुरलं.

मी राहायला आले तेव्हा उंटीण आपल्या देशी परत गेली होती, पण काकूंच्या डोक्यातून ती पायवाट गेली नव्हती. वाडीचा एक तुकडा विकून त्यांनी प्रवासाची सोयही करून ठेवली होती. एका दिवाळीला मुलगा नागपूरहून आला तेव्हा त्यांनी जेवता जेवता सांगून टाकलं. मुलगा चांगला होता, मोठ्या कंपनीत इंजिनीअर, आईवर जीव असलेला. पण तो घास हातात धरूनच बसला.

"आई, तो आपला देवही नाही."

"नसन. रस्ता त आहे नं."

"तिथं तुला काही झालं तर?"

"इथी काही झालं त?"

शेवटी त्यानं एक अट घातली. परदेशात आजारपणाचा खर्च करणारा विमा मिळाला तर जा. त्या देशाच्या व्हिसालाही तो विमा लागतोच, नाहीतर दारातूनच परत पाठवतात. अट रास्त होती. पण दुसऱ्या दिवशी त्याचा मला ऑफिसात फोन आला.

"ताई, तिच्या वयाला कोणी देणार नाही, मला माहीत आहे. फक्त ते तुमच्या तोंडून तिच्या कानावर जाऊ द्या."

मी म्हटलं, मिळेल असं मी सांगत नाही, पण विचारल्याशिवाय नाही असंही सांगणार नाही. संध्याकाळी फाटकातच काकूंनी विचारलं, "त्याचा फोन आलता नं? त्याचा बापही असाच. तोंडावर हो म्हणे अन् मांगून तार करे."

आता खरं सांगायचं तर परदेशप्रवासाचा विमा मी जन्मात काढला नव्हता. आमच्या शाखेत ट्रॅक्टर, मोटारसायकली, संत्र्यांचे ट्रक आणि जनावरं. त्यातही गायी-म्हशी जास्त. काकू ऑफिसात आल्या तेव्हा माझ्या टेबलावर जनावरांच्या कानात मारायचे पिवळे बिल्ले पडले होते. काकूंनी एक उचलून निरखून पाहिला.

"मलेही मारशीन का कानात?"

मी हसले, तर त्या गंभीरपणे म्हणाल्या, "मार नं. हरवली त सापडीन तरी."

मग प्रश्न सुरू झाले. आमचे साहेब सज्जन गृहस्थ, मदत करायच्या हेतूनं हळूच म्हणाले, "ब्लड प्रेशरचं सांगू नका आजी. एक छोटी गोळी तर घेता. कोण विचारतं?"

"तुमीच विचारून राह्यले नं," काकू म्हणाल्या. "रोज सकाळी गोळी खाते. खाते अन् सांगू नाई?"

मग त्यांनी जे सांगायला सुरुवात केली ते थांबेचना. मोतीबिंदू काढला. मनगट मोडलं होतं, म्हशीनं ढकललं होतं. लहानपणी विंचू चावला होता. मी म्हटलं, काकू, विंचवाचं ते विचारत नाहीत. "त्यायनं नाई विचारलं म्हणून का चावला नाई?" साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि चहा मागवला.

आमच्या कंपनीनं वयावरूनच नकार दिला. मी नागपूरच्या एका मैत्रिणीला फोन केला. ती दुसऱ्या कंपनीत होती. तिनं सांगितलं, तपासण्या करून आणा, मग बघू. रक्त झालं, लघवी झाली, आणि शेवटी हृदयाची तपासणी. फिरत्या पट्ट्यावर चालवतात ती.

छातीला वायरी लावलेल्या काकू त्या पट्ट्यावर उभ्या राहिल्या. पट्टा सुरू झाला. तीन-चार पावलं टाकली आणि त्या खाली उतरल्या.

"अवो, हा रस्ताच पळून राह्यला!"

तपासणी करणारी मुलगी म्हणाली, आजी, रस्ता पळू द्या, तुम्ही चाला. काकू पुन्हा चढल्या. चालल्या. समोर पांढरी भिंत होती. थोड्या वेळानं वैतागून मला म्हणाल्या, "इतकी चालून राह्यली अन् भिंत काही जवळ येऊन नाई राह्यली." मुलीनं वेग वाढवला, पट्ट्याला चढ दिला. काकूंनी लुगड्याचा काष्टा सारखा केला आणि त्या तिच्याकडे तिच्या माहेरची चौकशी करू लागल्या. मुलगी म्हणाली, आजी, बोलू नका, आलेख हलतो. त्या गप्प झाल्या, पण चाल मोडली नाही. आत आलेल्या डॉक्टरांनी कागदाची पट्टी पाहिली, काकूंकडे पाहिलं आणि विचारलं, "व्यायाम काय करता?"

"काहीच नाई. टाइम कुठी भेटते? दिवसभर चालाच लागते."

विमा मिळाला. पण रक्तदाबामुळे होणारं काही त्यात धरलेलं नव्हतं. मी हे समजावून सांगितल्यावर काकूंनी विचारलं, "म्हणजे जे होऊ शकते ते सोडून बाकी सगळ्याचा?" मी मान हलवली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला ते इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

मैत्रिणीनं पाठवलेल्या कागदांवर आमच्या ऑफिसात सही करायच्या दिवशी मुलगाही आला होता. तोंड पडलेलं, पण शब्द दिल्यामुळे बांधलेला. काकूंचा नियम असा, की ऐकल्याशिवाय सही नाही. मी एकेक कलम मराठीत सांगत गेले आणि एका कलमाशी अडखळले. ते होतं मृत्यू झाल्यास शव मायदेशी परत आणण्याचं.

"हे काढ," काकू म्हणाल्या.

"काढता येत नाही काकू. हे नसलं तर व्हिसाच देत नाहीत."

"मी मेली त तिथीच जाळा नाईतर गाडा. इतकं चालत जाईन अन् पेटीत भरून परत येऊ काय?"

मुलगा इतका वेळ खिडकीतून बाहेर बघत होता. तो वळला. आवाज चढलेला नव्हता, पण शहरातली भाषा गळून पडली होती.

"अन् मी काय करू आई? कोणाले हात लावू? फोटोले?"

काकूंनी पदर सारखा केला, उठल्या आणि बाहेर गेल्या. मुलगा मागे जाऊ लागला, तर मी त्याला थांबवलं. आम्ही दोघं खिडकीशी उभे राहिलो. समोरच्या रस्त्यावर काकू चौकापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. पानठेल्यावरचा माणूस त्यांच्याकडे बघत होता. मग त्या आत येऊन खुर्चीत बसल्या.

"कुठी करू सही?"

मी बोट दाखवलं. सही करताना त्या मुलाकडे न बघता म्हणाल्या, "मले वाटलं हा विमा माहा आहे. याच्यातला इतका भाग तुहा आहे, हे माह्या ध्यानात नाई आलं."

मुलानं मान खाली घातली आणि चष्मा पुसत राहिला.

काकू गेल्या. पाठीवर पिशवी, डोक्याला ओला दुपट्टा, पायात मुलानं आणलेले बूट. ते बूट त्यांनी वर्ध्यातच महिनाभर घालून मऊ करून घेतले होते. उंटीण त्यांना विमानतळावर भेटली आणि पहिले काही दिवस सोबत चालली. मग तिची सुट्टी संपली. पुढं काकू एकट्या. उंटिणीनं त्यांच्या फोनमध्ये फोटो टाकायला शिकवलं होतं, पण काकू फोटो काढायच्या ते सगळे रस्त्याचे. माणूस नाही, देऊळ नाही. नुसता पुढं गेलेला रस्ता.

मग एका दुपारी मला फोन आला. परदेशात अडचण आली तर मदत करणारं विमा कंपनीचं एक कार्यालय असतं, तिथून. संकटकाळी कळवायचं माणूस म्हणून माझा नंबर दिलेला होता.

"मॅडम, तुमच्या काकू इथं हॉस्पिटलमध्ये आहेत."

"काय झालं त्यांना?"

"त्यांना काही झालेलं नाही," ती मुलगी म्हणाली. मग जरा थांबून, "तोच प्रश्न आहे."

झालं होतं असं. वाटेत उन्हात एक म्हातारा कोसळलेला काकूंना दिसला. ब्राझीलचा. तोही एकटाच चालत निघालेला. काकूंनी आपला ओला दुपट्टा त्याच्या डोक्यावर टाकला, त्याच्या तोंडात गूळ घातला आणि मागून येणाऱ्यांना हाका मारमारून गोळा केलं. अँब्युलन्स आली तेव्हा त्याचा हात धरून त्याही आत चढल्या. हॉस्पिटलात विम्याची चौकशी झाली. त्याच्याकडे विमा नव्हता. काकूंनी आपल्या पिशवीतून आपला काढून दिला.

फोन काकूंकडे गेला.

"काकू, तो विमा फक्त तुमच्यापुरता आहे."

"मले त काही झालंच नाई व. वायाच जाऊन राह्यला नं मंग!"

"तसं दुसऱ्याला देता येत नाही तो."

"काऊन? तुह्या टरक्टरचा विमा काढला अन् ड्रायव्हर बदलला त चालते. इथी काऊन नाई चालत?"

हॉस्पिटलनं त्या म्हाताऱ्यावर उपचार केले, ते विमा न बघताच केले. पण त्याची पुतणी ब्राझीलहून येईपर्यंत काकू तिथून हलल्या नाहीत. दिवसभर त्याच्या खाटेजवळ बसायच्या. "तो त्याच्या भाषेत रडे," त्यांनी मला नंतर सांगितलं, "मी माह्या भाषेत म्हणो, रडू नोको बाप्पा. झोपून जाये."

यात व्हिसाचे दिवस सरले. उंटिणीनं फोनवर विनवण्या केल्या, की बसमध्ये बसा, काही तासांत सांतियागोला पोचाल, समाधी बघा आणि मग विमानात चढा. मीही तेच म्हटलं. काकूंना ते पटलं नाही. "मी समाधी पाहाले निघाली नवती. चालत जाईन म्हणून निघाली होती. थांबली जिथी, तिथी थांबली." आणि त्या परत आल्या. न पोचता. गल्लीतल्या लोकांनी विचारलं, झालं का दर्शन? "नाई झालं," त्या सांगायच्या, वांगी तोडता तोडता, आणि त्यात मला कुठं खंत ऐकू आली नाही.

मुलाला मात्र ती लागली. दर रविवारी नागपूरहून यायचा आणि कधी नव्हे ते आईला त्या वाटेबद्दल विचारायचा. धर्मशाळा कशा असतात, पाऊस आला तर काय करायचं. शेवटचा मुक्काम त्या कुठल्या गावाला सोडून आल्या, ते त्यानं नकाशात शोधून काढलं. पुढच्या वर्षी तोच माझ्याकडे आला. म्हणाला, आईला पुन्हा पाठवायचं आहे, आणि या वेळी मी सोबत जातो.

तपासणीत काकूंची नाडी चुकताना सापडली. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, पण दमानं घ्या. विमा कंपनीनं नकार कळवला. मी आणखी दोन ठिकाणी विचारलं. तिथूनही नाहीच आलं. काकूंना सांगायला मी वाडीवर गेले. त्या मेथीच्या जुड्या बांधत होत्या. ऐकून घेतलं, हातातली जुडी बांधून पूर्ण केली, आणि मग बराच वेळ दुसरी हातात घेतली नाही. मी त्यांना तशा रिकाम्या हातांनी बसलेल्या पहिल्यांदाच बघत होते.

"त्याचा झाला का?" त्यांनी विचारलं.

"मुलाचा? त्याचा होतोय."

"मंग त्याले जाऊ दे."

तो नको म्हणाला. त्या हट्टाला पेटल्या. पुढं तीन महिने दर रविवारी त्याला सोबत घेऊन त्या चालायला निघायच्या. त्याच्या टाचा सोलवटल्या, गुडघे धरले, एकदा तो हिंगणीच्या वाटेवर चिंचेखाली आडवाच झाला. काकू शेजारी बसून म्हणाल्या, "ऊठ म्हणणार नाई. वाटलं तवा ऊठ." हे बायकोला, बहिणीला आणि मला सांगताना तो हसायचा.

ऑक्टोबरात तो गेला आणि आई जिथं थांबली होती त्याच गावातून चालायला लागला. त्याची सकाळ म्हणजे आपली दुपार. तो निघाला की फोन करायचा, आणि इकडं काकू छत्री घेऊन फाटक उघडायच्या. आता त्यांची चाल मंदावली होती. झाड आलं की बसायच्या, पारावर बसायच्या, पण तो मुक्कामाला पोचल्याचा फोन येईपर्यंत घरी परतायच्या नाहीत. शेजाऱ्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बसत-बसत चालत असतील तर चालू द्या, अडवलं तर नाडी जास्त चुकेल.

तो पोचणार त्या दिवशी मी सुट्टी काढली. आम्ही दोघी सावकाश पवनारला गेलो, धाम नदीवर. काकू पायरीवर टेकल्या, छत्री मिटवून बाजूला ठेवली. धामचं पाणी पावसाळ्यानंतर स्वच्छ झालं होतं. खडकांवर बगळे होते, पलीकडे कोणी कपडे धूत होतं. दुपार कलली तसा फोन वाजला. काकूंनी तो स्पीकरवर टाकायला माझ्याकडे दिला.

आधी नुसत्या घंटा ऐकू आल्या. खूप मोठ्या. मग माणसांचा गलका, आणि त्यातून मुलाचा श्वास.

"आई," तो म्हणाला.

काकू फोनकडे झुकल्या.

"आई, पोचलो. दारात उभा आहे. आत जाऊन काय मागू तुझ्यासाठी?"

काकूंनी नदीकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज रोजचाच होता, जेवायला हाक मारताना असतो तसा.

"काही मागू नोको बाप्पा. दमला असशीन. आधी कुठी तरी पाय धू, अन् जेवून घे."